माल चांगला, पण प्रोसेसेबल नाही

आमच्या कारखान्यात वाया काही जात नाही. वाकडी निघालेली बादली, कान तुटलेला मग, सगळं ग्राइंडरमध्ये जातं, दळून निघतं आणि पुन्हा नव्या मालात मिसळतं. किस्से तेवढे कोणी दळत नाही. ते येऊन साचतात माझ्या लॅबमध्ये! कारण साधं आहे. अख्ख्या कारखान्यात एसी एकाच खोलीत आहे, आणि त्या खोलीत मी बसते.

एसी माझ्यासाठी लावलेला नाही बरं का. तो सॅम्पलसाठी आहे. सॅम्पलला ठरावीक थंडावा लागतो, रामटेके मॅडमला, म्हणजे मला, घाम आला तरी चालतो, असा आमच्या सेठजींचा विचार. पण भिलाईच्या मे महिन्यात सॅम्पल बघायच्या निमित्तानं कोण कोण आत येऊन उभं राहतं म्हणून सांगू! एकदा तर वॉचमन आला. म्हणाला, "मैडम, वो सैंपल ठीक है ना?" कोणतं सॅम्पल, हे त्यालाही माहीत नव्हतं.

मी तिथं क्वालिटी बघते. वडील भंडाऱ्याकडून इथल्या स्टील प्लांटात नोकरीला आले, मी इथंच जन्मले, आता वैशाली नगरात राहते. या कारखान्यात इतकी वर्षं काढलीत की मशीनचा आवाज जरा बदलला तरी हातातला चहा आपोआप खाली ठेवला जातो. आमचा माल दोन तऱ्हेचा. एक, बादल्या आणि मग. दुसरा, रेल्वेचा रूळ जिथं क्लिपनं धरून ठेवतात तिथं बसणारे नायलॉनचे छोटे तुकडे. त्यांना लायनर म्हणतात. बादली बिघडली तर गिऱ्हाईक शिव्या देतं. लायनर बिघडला तर रेल्वे अख्खा लॉट परत पाठवते. म्हणून आमचे बादलीवाले कायम हसत असतात आणि लायनरवाल्यांच्या कपाळाला आठ्या!

या लायनरवाल्यांचा म्होरक्या म्हणजे वेंकट, आमचा प्रोसेस इंजिनिअर. मुळातले विजयनगरमकडचे तेलुगू लोक, वडील प्लांटात, शाळा प्लांटच्या वसाहतीतली, सेक्टरमधली. घरात तेलुगू, बाहेर हिंदी, ईमेलमध्ये इंग्रजी. स्वभावानं गरीब, पण मशीनसमोर उभा राहिला की कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

*

एकदा सेठजींनी कुठून तरी स्वस्तात नायलॉनचा दाणा आणला. मी टेस्ट केली. मजबुतीला एक नंबर! पण मशीनवर घातला की रडारड. जरा कमी तापवला तर साच्यात अर्ध्या वाटेतच थिजायचा आणि लायनर अर्धवट निघायचा. जरा जास्त तापवला तर जळून पिवळा पडायचा. मधली वाट इतकी अरुंद, की तिथून माल न्यायचा म्हणजे सर्कस.

सेठजी लॅबमध्ये आले. वेंकट म्हणाला, "सर, माल अच्छा है. पर प्रोसेसेबल नहीं है."

"अच्छा है तो चलता क्यों नहीं?"

"सर, अच्छा होना अलग, चलना अलग. पिघले, बहे, साँचे के कोने-कोने में जाए, और ठंडा होके वही शकल पकड़ के बैठे, वो प्रोसेसेबल. इसमें गुण सब हैं. बस, हमारी मशीन पे काम का नहीं."

सेठजी मान हलवून निघून गेले. पण शब्द त्यांनी खिशात टाकलेला मी पाहिला.

पुढच्याच महिन्यात सेठजींच्या सासरच्यांनी त्यांच्या मेहुण्याला 'बिझनेस शिकायला' आमच्याकडे पाठवलं. पोरगा एमबीए. कोट घालून यायचा, फॅनखाली बसायचा आणि ऑपरेटर लोकांना 'टीमवर्क' समजावायचा. बिचारा मनानं खरंच चांगला होता. आठवड्याभरात सेठजींनी त्याला गाडीत बसवून घरी धाडलं. सासूबाईंचा फोन आला तेव्हा सेठजी माझ्या एसीतच उभे होते.

"नहीं मम्मीजी, लड़का तो बहुत अच्छा है," सेठजी अगदी गोड आवाजात म्हणाले. "पर प्रोसेसेबल नहीं है!"

तो शब्द मग गेटपर्यंत गेला. कॅन्टीनची डाळ, नवा सुपरवायझर, सोमवारची सकाळ, सगळ्यांची टेस्ट त्याच एका शब्दात व्हायला लागली. माझे मिस्टर एक दिवस रुसून बसले होते, तर माझ्याही तोंडून तोच शब्द निघाला. त्यांना अर्थ माहीत नव्हता म्हणून संसार टिकला.

*

नायलॉनची एक खोड आहे. ते हवेतलं पाणी पितं. पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं तर दाणा दिसायला कोरडा, पण आतून ओला. असा दाणा तापवला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि लायनरवर चांदीसारख्या रेघा उमटतात. म्हणून आधी दाणा ओव्हनमध्ये सुकवायचा आणि मगच मशीनला द्यायचा. हा आमचा धर्मच म्हणा ना.

एका पावसाळ्यात सुकवून सुकवून थकलो, तरी रेघा जाईनात! वेंकटनं ओव्हनचा पंखा बदलला, दरवाजाचं रबर बदललं, ट्रेचा थर पातळ केला. दाणा बाहेर काढावा तर ओलाच. सेठजी रोज येऊन विचारायचे, "रूट कॉज मिला?" वेंकटची झोप उडाली. प्रत्येक मीटिंगमध्ये रूट कॉज, रूट कॉज!

शेवटी तो स्वतः ओव्हनसमोर स्टूल टाकून बसला. सगळ्यात खालचा ट्रे ओढला, तर दाण्याऐवजी कागद, आणि कागदावर ओळीनं मांडलेल्या ओल्या, पांढऱ्या वड्या!

त्या आमचा ऑपरेटर धनेश याच्या होत्या. धनेश इथलाच, छत्तीसगढी माणूस, राहायला कोहक्यात. रखिया म्हणजे कोहळा. त्याचा कीस आणि उडदाची डाळ घालून त्यांच्याकडे बरी घालतात, आपल्याकडच्या सांडग्यांची मावसबहीण समजा. बायकोनं बरी घातली आणि पाऊस काही हटेना, म्हणून पठ्ठ्यानं घराची बरी आमच्या ओव्हनमध्ये वाळत घातली. कोहळ्याचं सगळं पाणी रेल्वेच्या नायलॉनला!

"का करबो मैडम," धनेश मान खाली घालून म्हणाला, "घाम नइ निकलत हे." घाम म्हणजे त्यांच्याकडे ऊन. माणूस खोटं बोलत नव्हता. ऊन खरंच निघालं नव्हतं.

तेवढ्यात सेठजी आले. "रूट कॉज मिला?"

वेंकट ताठ उभा राहिला. "मिला सर. रखिया."

सेठजी रागावणार तेवढ्यात वास त्यांच्या नाकात गेला. त्या दुपारी कॅन्टीनमध्ये टमाट्याच्या रश्श्यात ती बरी शिजली. सेठजींनी दोनदा वाढून घेतलं आणि धनेशला ताकीद दिली, की पुढच्या वेळी बरी नायलॉनच्या ओव्हनमध्ये दिसता कामा नये, त्यासाठी ऑफिसचा हीटर आहे!

*

आता मूळ गोष्टीवर येते. आमच्या डिस्पॅचमध्ये प्रज्ञा मेश्राम आहे. उतईवरून रोज स्कुटीनं येते. वडील रेल्वेत गँगमेट होते, म्हणजे रुळाची देखभाल करणाऱ्या टोळीचे मुकादम. आता रिटायर. लायनरची खोकी रवाना करता करता प्रज्ञाचं आणि वेंकटचं जमलं. कारखान्याला कळायच्या आधी मला कळलं, कारण दोघंही 'सॅम्पल बघायला' एकाच वेळी यायचे.

वेंकटच्या घरच्यांनी थोडी कुरकुर केली आणि हो म्हटलं. अडलं मेश्रामकाकांपाशी. प्रज्ञा रडवेली होऊन लॅबमध्ये आली.

"ताई, बाबा नाही म्हणून राहिले."

"कावून? जातीवरून?"

"नाही ना! जातपात मी मानत नाही म्हणे. पण म्हणे, तुझी माय गेली. तुझे दोन्ही भाऊ हिंदीत बोलतात, सुना हिंदीत, नातू मले दादाजी म्हणते. या घरात मराठी बोलणारी तूच येक हाय. तू गेली तं मी कोणाशी बोलू, भिंतीशी? जावई म्हणून जो येईन, त्यानं माह्याशी माह्या बोलीत बोललं पाह्यजे. तेवढंच मागतो मी."

आधी मला काकांचा राग आला होता. हे ऐकलं आणि तो विरला. आमच्या घरात तरी वेगळं काय आहे? माझा मुलगा मला म्हणतो, "मम्मी, खाना दो." मी म्हणते, "घे ना बापा." जेवण होऊन जातं, बोलणं राहून जातं.

आणि काकांनी मुदतही दिली होती. गोंदियाचं एक स्थळ सांगून आलं होतं, मुलगा रेल्वेत, मराठी बोलणारा. बुद्धपौर्णिमेला त्यांना बोलावणार होते. त्याच्या आत वेंकटनं उतईला येऊन काकांशी मराठीत बोलून दाखवायचं. जमलं तर जमलं, नाहीतर गोंदिया!

*

शिकवायला आम्ही सगळे तयारच. या देशात फुकट शिकवणारा कधी कमी पडत नाही.

मी त्याला एक छान भाषण लिहून दिलं. "नमस्कार काका. आपण कसे आहात? माझे नाव वेंकट. आपली भेट झाल्याने मला अत्यंत आनंद झाला." असं बरंच काही. प्रज्ञानं वाचलं आणि कपाळावर हात मारला. "ताई, आपण कसे आहात म्हणेन तं बाबा याले दारातूनच वापस पाठवतील. इन्शुरन्सवाला समजून!"

तरी त्यानं ते घोकलं. जिद्दी पोरगा! चहाच्या सुट्टीत मी काका झाले, त्याला दारातून आत यायला लावलं. तो आला. "नमस्कार काका. आपण कसे आहात? माझे नाव वेंकट..." गाडी सुसाट! मी काकांच्या आवाजात विचारलं, "पाणी घेता का?"

वेंकट थांबला. छताकडे बघितलं. मग मागं वळून दाराबाहेर गेला, पुन्हा आत आला आणि, "नमस्कार काका. आपण कसे आहात?"

"अरे, मी पाणी विचारलं ना!"

"मैडम, बीच में मत बोलिए," तो कळवळून म्हणाला. "फिर शुरू से करना पड़ता है!"

*

आमच्याकडे काळ्या बादल्यांनंतर पांढऱ्या काढायच्या असल्या, की आधी मशीनचं पोट साफ करावं लागतं. पाण्यानं नाही, पांढराच माल घालून. आतला काळा हळूहळू बाहेर पडतो. तोवर ज्या बादल्या निघतात त्या ना काळ्या ना पांढऱ्या, अंगभर पट्टे! याला पर्जिंग म्हणतात. या बादल्या आमच्या रिवाजाप्रमाणे ऑपरेटर लोक घरी नेतात. कोहक्यात फिरताना ज्या घराच्या नळाखाली पट्ट्यापट्ट्यांची बादली दिसेल, तिथं खुशाल दार वाजवा, आमचाच माणूस निघेल.

एका दुपारी हेच पर्जिंग चालू होतं. धनेश एकामागून एक झेब्रा बादल्या काढत होता, आणि बाजूला उभा राहून वेंकट मला भाषण सोडून स्वतःच्या मनानं मराठी बोलून दाखवत होता.

"मैं कारखाने में काम करतो. मा अम्मा को प्रज्ञा लई आवडली. मैंने बोला कि मी उतई येणार, कचितंगा येणार!"

कचितंगा म्हणजे तेलुगूत नक्की. मी डोळे मिटून ऐकत होते. तेलुगू, हिंदी, माझं पुस्तकी, प्रज्ञाचं घरचं, सगळं एकाच वाक्यात! मी तोंड उघडलं तसा धनेशनं हात वर केला.

"टोकव झन मैडम! अभी पर्जिंग चलत हे. दू-चार पीस अउ निकलन दव!"

मी टोकलं नाही. खरं सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हे पोरगं शिकेल.

*

नायलॉनच्याच कसल्या तरी भानगडीसाठी वेंकट मोबाइलवर 'प्रोसेसेबिलिटी' शोधत होता. निघालं भलतंच! दुसरी भाषा शिकणाऱ्या माणसांवरचा लेख. तो धावत लॅबमध्ये आला. मला वाटलं, आग लागली.

"मैडम! लैंग्वेज में भी यही होता है! नाम भी यही है!"

मग त्यानं मला समजावलं. शिकणाऱ्याचं डोकं म्हणे एका वेळी तेवढंच घेतं, जेवढं ते बोलता बोलता जोडू शकतं. आधी सुटे शब्द. मग ठरीव साच्यातली छोटी वाक्यं. मग शब्दाला शब्द जुळायला लागतो, आणि शेवटी वाक्याचं हे टोक त्या टोकाशी. पायरी गाळून वर जाता येत नाही. पुढच्या पायरीचं कितीही भरवलं तरी ते पाठ होतं, पण वेळेवर तोंडून निघत नाही.

"म्हणजे मी इतके दिवस शिकवलं ते सगळं वाया?" माझा पारा चढला.

"वाया नहीं मैडम. आपका माल एकदम अच्छा है," वेंकट अदबीनं म्हणाला. "पर आप ठंडे साँचे में फुल प्रेशर मार रही हैं."

प्रज्ञा तोंडाला ओढणी लावून बाहेर पळाली. मी तिच्या मागं बघत बसले आणि मलाही हसू आलं. भाषण फाडून टाकलं. ठरलं, की लॅबमधला चहा यापुढं मराठीत. त्याला जमेल तेवढंच, त्याच्या एक पाऊल पुढं, आणि प्रज्ञाच्या घरची बोली.

दुसऱ्याच दिवशी वेंकट शब्दाला शब्द जोडत होता, "मले... चाय... मले चाय..." आणि आम्ही श्वास रोखून बसलेलो. तेवढ्यात दार उघडून सेठजी आत आले, किटलीकडे बोट केलं आणि म्हणाले, "मले बी चाय द्या ना बाई, जरा साखर जास्त टाकजा."

सगळे गार! वेंकटचा तर चेहरा पडला. "सर, आप सीधा ऊपर के स्टेज पे कैसे पहुँच गए?"

"स्टेज-विस्टेज पता नहीं," सेठजी कप उचलत म्हणाले. "गोंदिया में दुकान थी हमारी. उधारी वसूलने को सीखा था!"

*

मग काकांचाच फोन आला. मुदत जवळ येत होती, त्यांनाही राहवेना. प्रज्ञानं फोन वेंकटच्या हातात दिला आणि स्पीकर लावला. वेंकटला पन्नास टक्के कळत होतं. उरलेल्या पन्नास टक्क्यांवर त्यानं जो तोडगा काढला तो म्हणजे 'हो'.

"बरा हायेस का?"

"हो."

"मटण खाते का?"

"हो." वेंकट अंडंसुद्धा खात नाही!

"लगन झालं का उतईतच राहाशीन ना?"

"हो."

"नोकरी सोडून देशीन?"

"हो, हो!"

फोन बंद झाला. वेंकट खूश, एकही प्रश्न सोडला नव्हता. संध्याकाळी काकांनी प्रज्ञाला बसवून सांगितलं, "पोट्टा वाईट नाही. पण सगळ्याइले हो म्हणते. जो माणूस कशालेच नाही म्हणत नाही, त्याचा भरोसा मी कसा धरू? त्याले माही गोष्ट समजतच नाही, पोरी. मी गोंद्यावाल्याइले तारीख देऊन राहिलो."

प्रज्ञा दुसऱ्या दिवशी कामावर आली नाही. वेंकट आला, मशीनसमोर उभा राहिला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा धनेशनं त्याला न विचारता टेम्परेचर लावलं. वेंकटचं लक्षच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे येऊन म्हणाला, "मैडम, मी येणार उतई. तुम्ही चला." त्यात एकही हिंदी शब्द नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी काकांना फोन केला आणि रविवार मागून घेतला. काका म्हणाले, "या. पाव्हण्याले कोण नाही म्हणते?"

*

रविवारी सकाळी मी आणि वेंकट उतईला गेलो. वाटेत तो ओठांतल्या ओठांत काही तरी घोकत होता. मी चार वेळा काही तरी आठवून द्यायला गेले आणि चार वेळा गिळलं.

काका अंगणातच खुर्ची टाकून बसले होते. उंच, वाळलेला माणूस, पांढरी बंडी. वेंकट म्हणाला, "जय भीम, काका." काका म्हणाले, "जय भीम. बसा." वेंकट बसला. आणि संपलं! सगळं डोक्यातून उडालं. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आत काहीच उरलं नव्हतं. काका त्याच्याकडे बघतायत, तो काकांकडे बघतोय. आत प्रज्ञाच्या हातून भांडं पडलं. मला वाटलं, झालं, गेलं गोंदियाला.

नजर चुकवायला वेंकटनं उघड्या दारातून आत बघितलं. समोरच्या भिंतीवर एका बाईचा फोटो होता, हार घातलेला.

काकांनी त्याची नजर पाहिली. "हे प्रज्ञाची माय," ते म्हणाले. "गोंद्याकडची होती." आणि थांबले. त्यांना पुढं बोलायचं नव्हतं, हे दिसतच होतं. मी घाईघाईनं उन्हाचा विषय काढणार, तेवढ्यात वेंकट पुढं झुकला.

"मंग?"

काकांनी चमकून बघितलं. "मंग काय... मी तवा डोंगरगडले होतो. गँगमधी. रूळ बदलवणं चालू होतं, तं मी लाल झेंडी घेऊन उभा. पॅसेंजर थांबवली."

"मंग?"

"मंग खिडकीतून येका पोरीनं मुंडकं काढलं. म्हणे, कावून थांबवली गाडी? माह्या भावाचा डबा थंडा होऊन राहिला! मी म्हटलं, बाई, रूळ नाही समोर. तं म्हणे, मंग झेंडी काय दाखवता, हात चालवा की!"

काका हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. खुर्ची त्यांनी वेंकटकडे ओढली.

"मंग?" वेंकट म्हणाला.

मंग काय विचारता! काकांनी सुरू केलं ते थांबेचनात. ती पॅसेंजर रोज त्याच वेळी यायची. काम संपलं तरी काका मुद्दाम त्याच जागी झेंडी घेऊन उभे राहायचे, हिरवी दाखवायला. मग तिच्या भावाशी ओळख काढली. मग लग्न, मग क्वार्टर, मग पोरं. वेंकटला त्यातलं किती कळत होतं देवाला ठाऊक! पण तो काकांच्या तोंडावरून नजर हलवत नव्हता. काका हसले की हसत होता, काका थांबले की हळूच, "मंग?" बाई दवाखान्यात होती तिथपर्यंत गोष्ट आली तेव्हा काकांचा आवाज गेला. वेंकटनं 'मंग' म्हटलं नाही. त्यानं नुसता त्यांचा हात धरला आणि काका सावरेपर्यंत धरूनच ठेवला.

प्रज्ञा दारात उभी होती, हातात पळी तशीच. नंतर मला म्हणाली, "ताई, झेंडीची गोष्ट मले पण माहीत नव्हती."

ऊन भिंतीवरून उतरून गेलं, जेवण गार झालं, ते पुन्हा गरम केलं, पुन्हा गार झालं. आम्ही निघालो तेव्हा वेंकट गाडी वळवायला पुढं गेला आणि काका फाटकापर्यंत माझ्यासोबत आले.

"बाई, गोंद्यावाल्याइले मी उद्याच नाही म्हणून कळवतो," ते म्हणाले.

माझा कानांवर विश्वास बसेना. "म्हणजे काका, तुमाले पसंत हाय?"

"तुमी लोकाइनं उगाच भेव दाखवला मले, त्याले बोलता येत नाही म्हणून!" काका वेंकटकडे बघत म्हणाले. "येवढं चांगलं मराठी तं माह्या दोन्ही पोराइले बी येत नाही!"